पांढरीचा होकार : मराठी गावात घर घेण्याचा इतिहास

१/
‘घर पाहावे बांधून’ ही म्हण घर उभारण्याचे कष्ट सांगते. तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी गावात मात्र पाया खणण्याआधीच एक अवघड पायरी असे, ती म्हणजे गावाचा होकार. माती, लाकूड आणि मजूर पैसे देऊन मिळत. शेजार मात्र मागून घ्यावा लागे. गावातले घर कोणाचे, हे माणसांनी ठरवायचे की कागदाने? या प्रश्नाचा हा इतिहास. (धागा)

२/
आरंभ दोन शब्दांपासून करावा लागतो : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, शेतशिवार. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, ज्याला आज गावठाण म्हणतात. काळी पोट भरते आणि पांढरी माणसाला ठिकाण देते, अशी ही विभागणी होती. देशावरच्या प्रत्येक गावाचा संसार या दोन रंगांत सामावलेला असे.

३/
पांढरी हे नाव मातीवरूनच पडले. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण आणि पडलेल्या घरांची माती एकावर एक साचत जाते. भोवतालच्या काळ्या शिवारात वस्तीची ही जागा फिकट दिसते. म्हणूनच महाराष्ट्रातले पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्तीच्या शोधात निघाले, की ‘पांढरीचे टेकाड’ हुडकतात.

४/
शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेले इनामगाव हे याचे प्रसिद्ध उदाहरण. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांची घरे, चुली, धान्याची बळदे उजेडात आणली. ती वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली. घरावर घर रचत जाणे ही या प्रदेशाची फार जुनी रीत आहे.

५/
पुढे ‘पांढरी’ या शब्दाचा अर्थ विस्तारला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘समस्त पांढरी’ असा उल्लेख येतो, तेव्हा त्याचा अर्थ जमीन नसतो. पाटील, कुलकर्णी, थळकरी, बलुतेदार असा सारा गावसमुदाय त्यातून सूचित होतो. जागेचे नाव माणसांना लागले. गावात घर असणे म्हणजे या समुदायात मोजले जाणे.

६/
असे गाव प्रत्यक्ष कसे दिसे? थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने पेशवाई संपताच पुण्याजवळच्या लोणी गावाचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. मातीच्या कुसाने वेढलेली वस्ती, कच्च्या विटांच्या भिंती, सपाट धाबी. लांबून पाहणाऱ्याला ती पडक्या भिंतींची रास वाटे. हेच आजचे लोणीकंद. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या त्याच गावावर १९६० साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

७/
त्या कुसाच्या आत सर्वांची पायरी सारखी नव्हती. शेतकऱ्यांचे दोन मुख्य वर्ग होते : मिरासदार आणि उपरी. ‘मिरास’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ वारसा. मिरासदारालाच थळकरी असेही म्हणत. त्याची जमीन आणि गावातली जागा वंशपरंपरेची असे. कागदात त्यासाठी ‘लेकुराचे लेकुरी’ असा सुंदर शब्दप्रयोग येतो.

८/
उपरी म्हणजे बाहेरून आलेला. तो गावची पडीक जमीन कराराने कसायचा. घरही बांधून राहायचा. पण ते घर विकण्याचा अधिकार सामान्यतः मिरासदाराचा मानला जाई. उपरी गाव सोडून निघाला, की त्याच्या हाताने उभ्या राहिलेल्या भिंती मागेच राहत. छप्पर होते, हक्क नव्हता.

९/
हा भेद केवळ महसुलाचा नव्हता. गावच्या सभेत मिरासदाराच्या शब्दाला वजन असे, काही किरकोळ पट्ट्यांतून त्याला सूट मिळे. सोयरीक जमवतानाही मिरासदार घराणे वरचढ मानले जाई. एकाच आळीत, एकाच उंचीच्या दोन धाब्यांखाली राहणाऱ्या कुटुंबांची गावातली पत अशी निरनिराळी असे.

१०/
मानाबरोबर भारही येई. पीक बुडाले तरी मिरासदाराला सारा चुकवता येत नसे. ठरावीक वर्षांनी मिरासपट्टीही भरावी लागे. उपरी मात्र परिस्थिती बिघडताच दुसऱ्या गावी चांगल्या अटींवर जाऊ शके. एक गावाशी बांधलेला, दुसरा मोकळा. ज्याला मुळे हवीत त्याने ओझेही उचलावे, असा तो व्यवहार होता.

११/
मग उपऱ्याला मिरासदार होता येई का? येई, आणि त्याचे दोन मार्ग होते. पहिला, एखाद्या मिरासदाराकडून विकत घेणे. त्यासाठी विकणाऱ्याच्या भाऊबंदांची आणि गावाची संमती लागे. दुसरा, ‘गतकुळी’ची जमीन मिळवणे. ज्या घराण्याचा वंश खुंटला किंवा जे कायमचे परागंदा झाले, त्यांची जागा पाटील व समस्त गावकरी नव्या माणसाला किंमत घेऊन देत.

१२/
हा व्यवहार मिरासपत्रात नोंदवला जाई. त्यात शेताच्या आणि घराच्या जागेच्या चतुःसीमा लिहीत : पूर्वेस अमका, दक्षिणेस तमका. जागेची ओळख शेजाऱ्यांच्या नावांनी होई. खाली साक्षीदारांच्या निशाण्या असत. पाटील नांगर काढी, बाजारपेठेचा शेट्या तागडी काढी, बलुतेदार आपापल्या अवजाराचे चित्र काढीत. अक्षरओळख नसलेला माणूसही अशा रीतीने कायदेशीर साक्षीदार ठरे.

१३/
तंटा उद्भवला की गोतसभा बसे. गावकरी, वतनदार, शेजारच्या गावचे जाणते एकत्र येत आणि निवाड्याचा ‘महजर’ तयार होई. घर कोणाचे याचा अखेरचा पुरावा म्हणजे भोवतालच्या माणसांची आठवण. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण या व्यवस्थेचे सार सांगते.

१४/
या आठवणीची ताकद दुष्काळात दिसे. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळात आणि पुढे १८०२-०३ च्या लुटालूट व उपासमारीत दख्खनमधली गावेच्या गावे उठली. तरी परागंदा झालेल्या मिरासदाराचा हक्क सहसा बुडत नसे. कित्येक वर्षांनी तो किंवा त्याचा मुलगा परतला, आणि गावाने ओळखले, की जागा पुन्हा त्याची होई.

१५/
उजाड गावे पुन्हा वसवण्यासाठी सत्ताधीश ‘कौल’ देत. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत पूर्ण आकार, याला इस्तावा म्हणत. कसब्यात, म्हणजे परगण्याच्या मुख्य बाजारगावात, नवी पेठ वसवायची झाली तर व्यापाऱ्यांना काही वर्षे करमाफी मिळे. पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे असे. नव्या माणसाला घर देणे हे गावाच्या आणि राज्याच्याही हिताचे होते.

१६/
हे चित्र मनोहर आहे, पण अपुरे आहे. गावकूस शत्रूला जसे बाहेर ठेवी, तसे आपल्याच माणसांनाही बाहेर ठेवी. महारवाडा आणि मांगवाडा कुसाच्या पलीकडे असत. गावाची राखण करणारा, हद्दीच्या तंट्यात ज्याची साक्ष मोलाची मानली जाई असा महार वेशीच्या आत घर बांधू शकत नसे. किंमत मोजण्याची ऐपत असली तरी नाही.

१७/
महजरावर त्याची निशाणी चाले. गावच्या आळीत त्याचा उंबरठा मात्र चालत नसे. भटक्या जमातींना तर तेवढीही जागा नव्हती. त्यांची पाले गावाबाहेरच्या माळावर पडत आणि उठत. पांढरीचा होकार ज्यांना मिळे, त्यांच्यासाठी ती आई होती. ज्यांना तो कधीच मिळणार नव्हता, त्यांच्यासाठी ती भिंत होती.

१८/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कागदाचे राज्य सुरू झाले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची जमीनमोजणी आरंभली. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला आणि प्रत्येक क्रमांकाला एक खातेदार. सारा भरणारा तो कब्जेदार, मग तो मिरासदार असो वा उपरी. शतकांचा भेद नोंदवहीच्या एका रकान्यात विरघळला.

१९/
उपऱ्यासाठी ही मुक्ती होती. पण या बदलाला दुसरी बाजू होती. आता जमीन आणि घर विकायला वा गहाण टाकायला भाऊबंदांचा वा पांढरीचा होकार लागेना. दस्तऐवज पुरेसा झाला. आणि दस्त वाचता न येणाऱ्याचा अंगठाही कागदावर उमटू लागला. जुन्या काळी निरक्षराची निशाणी त्याला साक्षीदार करी. नव्या काळी तीच त्याला ऋणको करू लागली.

२०/
अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, तशात सरकारने साराही वाढवला. कर्जवसुलीसाठी सावकार दिवाणी न्यायालयात जाऊ लागले. न्यायाधीशापुढे कागद होता; गावाची आठवण तेथे पुरावा ठरत नव्हती.

२१/
डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातले करडे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. गावाच्या दृष्टीने ते असह्य होते. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या पांढरीने ओळखले, ते बाहेरचा एक कागद पाडत होता.

२२/
करड्याने आपले सर्वांत जुने शस्त्र काढले : बहिष्कार. सावकारांच्या शेतावर मजूर जाईनात, न्हावी हजामत करीना, दुकानातून कोणी माल घेईना, घरकामाला माणूस मिळेना. अखेर सावकारांना गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी जावे लागले. घर होते, कागद होता, पैसा होता, गाव नव्हते. आणि गावाशिवाय त्या घरात राहता येत नव्हते.

२३/
पाच महिन्यांनी ठिणगी सुप्यात पडली. हे तेच सुपे, जे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भोवतालच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे, हुकूमनामे, खतावण्या बाहेर काढून जाळण्यात आल्या. पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडले.

२४/
सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातली एक तरतूद लक्ष वेधून घेते. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याने तो साक्षांकित करावा, अशी ती अट होती. गावातून उठवलेला साक्षीदार कायद्याला पुन्हा गावात बसवावा लागला.

२५/
येथे थांबले तर ही कथा ‘चांगले गाव आणि वाईट कागद’ अशी होईल. ती तशी नाही. करड्याने जे शस्त्र सावकारांवर उगारले, तेच शस्त्र कुसाबाहेरच्या माणसांवर शतकानुशतके उगारलेले होते. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने याची नोंद केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते.

२६/
अस्पृश्यांनी सार्वजनिक पाणवठ्याचा वा रस्त्याचा हक्क मागितला, की गाव त्यांना कसायला दिलेली जमीन काढून घेई, मजुरी बंद करी, बलुते थांबवी, वाटा अडवी, दुकानदार मीठमिरची देईना. तपशील करड्याशी जुळतात, फक्त बळी वेगळा. एका ठिकाणी जे दुर्बळांचे हत्यार वाटते, तेच दुसरीकडे बलवानांचे होते.

२७/
म्हणून आंबेडकरांना गावाच्या जुन्या एकोप्याचे आकर्षण नव्हते. महार वतनाच्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली आणि घटनेचा पाया गाव नसून व्यक्ती असावी, या निवडीचे समर्थन केले. ज्याला पांढरीने कधी मोजले नाही, त्याला कागदावरचा नागरिक होणे हीच सुटका होती.

२८/
स्वातंत्र्यानंतर कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मात्र महाराष्ट्राने थेट २०१६ साली केला. गावात घर असूनही गाव नाकारले जाणे हा गुन्हा ठरायला स्वराज्याची जवळजवळ सत्तर वर्षे जावी लागली.

२९/
जमीन विकत घेण्याच्या कायद्यातही जुन्या उपऱ्याची सावली उरली आहे. १९४८ च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हेतू कसणाऱ्याच्या रक्षणाचा आहे; पण शहरातून गावाकडे वळणाऱ्या माणसाला आजही आधी विचारले जाते : तू मूळचा कुठला? काळीचा दरवाजा असा अर्धा मिटलेला, पांढरीचा उघडा.

३०/
आणि पांढरीची गंमत निराळीच. इंग्रजी मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. गावठाणातून शेतसारा मिळत नसल्याने घराघराची मोजणी करण्याचे कारण पडले नाही. म्हणून शेताला सातबारा आहे, पण असंख्य गावांत घराला तसा उतारा नव्हता. असते ती ग्रामपंचायतीची ‘नमुना आठ’ची नोंद. ती कर आकारणीची वही आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

३१/
याचा परिणाम रोजच्या जगण्यात दिसे. शंभर वर्षांचे घर, पण बँक त्यावर कर्ज देईना. विकायचे तर घेणारा विचारी, कागद कुठे आहे? भाऊ भांडले तर सीमा सांगणारी म्हातारी माणसेच उरलेली. काळी कागदावर गेली होती, पांढरी मात्र अजून आठवणीवर उभी होती. आठवणीची पिढी मावळत होती.

३२/
हा जुना हिशेब चुकता करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला. मल्हारगडाच्या पायथ्याचे हे गाव. येथे ड्रोनने गावठाणाची प्रायोगिक मोजणी झाली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली आणि देशभरातल्या गावठाणांतील घरांना मालमत्ता पत्रक देण्याचे काम हाती घेतले.

३३/
या मोजणीतला एक विधी जुन्या काळाशी नाते सांगतो. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक घराची हद्द चुन्याने आखतात. ती रेघ कोठे पडावी हे आकाशातले यंत्र ठरवत नाही. घरमालक आणि शेजारी जागेवर उभे राहतात आणि ‘इथपर्यंत तुझे, इथून माझे’ असे एकमेकांना सांगतात. चतुःसीमा अजूनही शेजाऱ्याच्या तोंडूनच वदवली जाते.

३४/
मिरासपत्र असो वा मालमत्ता पत्रक, गावातल्या घराला दोन खांब लागतात. एक कागदाचा, कारण त्याशिवाय दुर्बळाला दाद नाही. दुसरा शेजाऱ्याच्या होकाराचा, कारण त्याशिवाय घराला गाव नाही. करड्याच्या सावकाराकडे पहिला होता, दुसरा नव्हता. महारवाड्याला गावाने दोन्ही नाकारले. कुसाबाहेरच्या त्या वस्तीपुढेही आज तीच चुन्याची रेघ पडते आहे. कागद तेथे पोहोचला; शेजाऱ्याचा होकार पोहोचला का, याचे उत्तर कोणत्याही ड्रोनच्या नकाशात दिसणार नाही.

(समाप्त)